अप्पांच्या खिशातला ओटीपी

नरेंद्र जोगळेकर डब्लिनच्या पश्चिमेला ओंगारमध्ये राहत होता, पण तो नरेंद्र जोगळेकरच आहे हे सिद्ध करायचं काम मिरजेत होत असे.

बँक असो, आयकर असो, मेल असो, की पुण्यातल्या बंद फ्लॅटचं वीजबिल असो, कुठेही नाव घातलं की पडद्यावर ओळ यायची, तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. तो नोंदणीकृत मोबाइल असायचा मिरजेतल्या एका सोसायटीत, तळमजल्यावर, अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात. देश सोडताना कुणाचा तरी भारतातला नंबर द्यायचा म्हणून नरेंद्रने वडिलांचा दिला, आणि मग जिथे नंबर मागतील तिथे तोच देत गेला. परदेशी गेलेल्या बहुतेक मराठी मुलांनी हेच केलेलं असतं. मोठमोठ्या कंपन्यांची अभेद्य सुरक्षा शेवटी एका निवृत्त गृहस्थांना चष्मा सापडतो की नाही यावर उभी आहे, हे त्या कंपन्यांना अजून कळलेलं नाही.

अप्पा, म्हणजे मुरलीधर जोगळेकर, टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती आणि घरात ते एकटेच होते. एक्स्चेंजमध्ये आकडा नुसता सांगत नाहीत. एकाने सांगायचा, दुसऱ्याने परत म्हणायचा आणि पहिल्याने ‘बरोबर’ म्हणायचं, तेव्हा कुठे तो आकडा सांगितला असं होतं. ही शिस्त अप्पांनी ओटीपीलाही लावली. शिवाय आकड्याआधी थोडी प्रस्तावना असे. सून घरी पोचली का, पाऊस आहे का, साक्षीची शाळा काय म्हणते. नरेंद्र इकडे पडद्यावरची उलटी मोजणी बघत दात आवळून म्हणायचा, अप्पा, आधी आकडा. अप्पा म्हणायचे, सांगतो की, थंडी कितपत आहे? मग आकडा बाद व्हायचा आणि दुसरा मागवावा लागायचा, आणि दुसऱ्याच्या वेळी भाजीला काय केलंय हे निघायचं. कधीकधी एका वीजबिलात जोगळेकर घराण्याचा सगळा आठवडा मावून जाई.

हे असंच चालू राहिलं असतं, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं, जर संजीव शेजारी राहायला आला नसता.

संजीव क्लोनडॉकिनला एका डेटा सेंटरमध्ये नोकरीला होता. नरेंद्रही क्लोनडॉकिनच्याच एका बिझनेस पार्कात, वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत, इतरांनी लिहिलेली कागदपत्रं नियमाप्रमाणे आहेत का ते बघायचं काम करायचा. दोघं एकाच गाडीने जात, त्यामुळे सल्ल्यापासून पळून जायला नरेंद्रला जागा नव्हती. आता हॉटेलात काम करणारा माणूस जसा घरून डबा नेतो, तसा डेटा सेंटरमधल्या संजीवचा कुठल्याही कंपनीवर विश्वास उरला नव्हता. त्याने लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर काळी पट्टी लावली होती, टीव्हीवर लावली होती, आणि दारावरच्या बेलला कॅमेरा आहे असं कळल्यावर तिलाही लावली होती. सुपरमार्केटच्या सवलतकार्डावर खरं नाव कशाला द्यायचं म्हणून त्याने ‘पॅडी मर्फी’ असं दिलं होतं. तेव्हापासून त्याला बेकनवर भरघोस सूट मिळते. संजीव शाकाहारी आहे.

अशा माणसापुढे नरेंद्रने एकदा गाडीत अप्पांना फोन लावून ओटीपी घेतला. संजीवने स्टिअरिंगवरचे हात घट्ट केले. फोन संपल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि संजीव काही बोलत नाही म्हणजे पुढे व्याख्यान आहे हे नरेंद्रला माहीत होतं.

“नरेंद्र, तुझी सगळी कमाई, सगळी कागदपत्रं, उद्या तुझं नावसुद्धा,” तो शेवटी म्हणाला, “एका म्हाताऱ्या माणसाच्या खिशात आहे. आणि तो माणूस तो आकडा मोठ्याने ओरडून सांगतो. अर्ध्या मिरजेला तुझा ओटीपी पाठ असेल.”

हे नरेंद्रच्या जिव्हारी लागलं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढल्या, त्याच्याच घरात एवढं मोठं भोक असावं आणि ते संजीवने दाखवावं, म्हणजे फारच झालं. त्याच आठवड्यात त्याने मोहीम जाहीर केली. सगळी खाती आयरिश नंबरवर आणायची, प्रत्येकाला नवा पासवर्ड, वर दुसरं कुलूप, आणि अप्पांना या त्रासातून मोकळं करायचं. उर्मिला पोर्टलीशच्या हॉस्पिटलात डॉक्टर होती आणि तिचा बराचसा संसार मोटरवेवर व्हायचा. ती हँड्सफ्रीवरून म्हणाली, कर बाबा, पण माझ्या खात्याला हात लावू नकोस. साक्षी पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डब्लिनच्या इंग्रजीत येतं. ती म्हणाली, “डॅड, नोबडी वॉन्ट्स युअर ईमेल्स.” नरेंद्रला याचं वाईट वाटलं. आपल्या मेलमध्ये कुणालाच रस नसावा हे कुठल्या स्वाभिमानी माणसाला आवडेल?

मोहिमेची पहिली अडचण अशी निघाली, की जुना नंबर बदलायचा तर त्यासाठीचा ओटीपी जुन्याच नंबरवर जातो. म्हणजे अप्पांपासून सुटका करून घ्यायला अप्पांचीच परवानगी लागत होती. एका बँकेला तर नंबर बदलण्याचा अर्ज मान्य करायला एक ओटीपी, तो मान्य झाल्याचं मान्य करायला दुसरा, आणि हे सगळं तुम्ही शुद्धीवर असताना केलंत ना, असा तिसरा लागत होता.

अप्पांना असे दिवस निवृत्तीनंतर कधी आले नव्हते. सकाळी आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ते फोन समोर ठेवून बसू लागले. शेजारच्या पद्मिनीबाई देवळात चला म्हणाल्या तर, आज जमायचं नाही, नरूचं काम चालू आहे, असं सांगू लागले. पद्मिनीबाई बँकेतून निवृत्त झालेल्या, त्यांना काम म्हणजे काय ते कळत होतं, त्या परत बोलावत नसत. आकडे धडाधड येत होते, अप्पा ते खणखणीत आवाजात सांगत होते, नरेंद्र परत म्हणत होता, अप्पा ‘बरोबर’ म्हणत होते. मध्येच ते त्याला त्याच्या आईची मुगाची आमटी कशी करायची तेही सांगत होते, कारण वीज मंडळाची साइट बंद पडली होती आणि लाइन चालू होती.

मग मोहीम संपली.

“झालं का रे सगळं?” अप्पांनी विचारलं.

“झालं, अप्पा. एकूण एक इकडे घेतलं. आता तुम्ही सुटलात.”

“म्हणजे आता काही यायचं नाही.”

“काही नाही. आरामात राहा.”

“बरं केलंस,” अप्पा म्हणाले. “सुरक्षित असलेलं बरं.”

त्यानंतर काय झालं ते नरेंद्रच्या लक्षातही आलं नाही, कारण त्यानंतर काहीच झालं नाही. रविवारी तो फोन करायचा. सून बरी आहे, पाऊस आहे, साक्षी बरी आहे. हे पूर्वी आकड्याच्या आजूबाजूला छान बोललं जायचं. आता मध्ये आकडा नसल्याने ते लगेच संपायचं, आणि मग दोघंही फोन कानाला लावून, दुसऱ्याने ठेवावा म्हणून वाट बघायचे. एका रविवारी साक्षीचा सामना होता. एका रविवारी उर्मिलाची ड्यूटी बदलली. अमुक एका रविवारी आपण फोन बंद केला असं नरेंद्रला कधीच सांगता आलं नसतं, आणि तसा त्याने तो केलाही नव्हता.

आणि नेमक्या याच सुमाराला चोर आला.

दुपारी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सूप पिताना नरेंद्रचा फोन थरथरला. तुमच्या मेल खात्यात कुणीतरी शिरायचा प्रयत्न करत आहे. ठिकाण मुंबई, भारत. हे तुम्हीच आहात का? खाली दोन बटणं होती, ‘होय, मीच’ आणि ‘नाही, मी नव्हे’. नरेंद्रच्या हातातला चमचा सूपमध्ये पडला. त्याने ‘मी नव्हे’ इतक्या जोरात दाबलं की शेजारची पोलिश बाई दचकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सूप, पुन्हा चोर. तिसऱ्या दिवशी त्याने सूप घेतलं नाही, पण चोर आला. रविवारीही आला. सुट्टी न घेता, वेळ न चुकवता काम करणारा असा माणूस नरेंद्रच्या कंपनीत एकही नव्हता.

संजीवच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण आत कुठेतरी समाधानही होतं. मी म्हटलंच होतं, असं तो म्हणाला नाही, पण गाडी तशी चालवली. तुझा नंबर इतकी वर्षं मिरजेत उघड्यावर पडला होता, तिथूनच गेला असणार बाहेर, असं त्याचं निदान होतं.

नरेंद्र चोराच्या मागे हात धुऊन लागला. मेलवाल्या कंपनीत माणूस नव्हता, ऑर्ला नावाचं एक गोडबोलं सॉफ्टवेअर होतं. त्याने विचारलं, तुम्ही पासवर्ड विसरलात का? नरेंद्रने टाइप केलं, मी नाही, दुसराच एक इसम माझा पासवर्ड रोज विसरतो आहे. ऑर्ला म्हणाली, पासवर्ड विसरणं स्वाभाविक आहे, नवा हवा का? खाजगी माहितीचं रक्षण करणाऱ्या एका कार्यालयाला त्याने लिहिलं, तर त्यांनी त्याच्या खाजगीपणाची तक्रार नोंदवण्यासाठी पासपोर्ट, जन्मतारीख, घरपट्टी आणि सहीचा नमुना मागवला. शेवटी तो गार्डा स्टेशनात, म्हणजे तिथल्या पोलीस ठाण्यात गेला. तिथल्या उमद्या पोलिसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, मग युअर मॅन आत शिरला का? आयर्लंडमध्ये ज्याचं नाव माहीत नसतं तो प्रत्येक इसम ‘युअर मॅन’ असतो, हे नरेंद्रला ठाऊक होतं. तरी त्या क्षणी त्याला राग आला. नाही शिरला, तो म्हणाला. मग यू आर ग्रँड, म्हणजे तुझं सगळं झकास आहे, पोलीस म्हणाला, आणि पुढच्या माणसाची हरवलेली सायकल लिहून घेऊ लागला.

पलीकडच्या घरातल्या नोरीनबाईंनीही सल्ला दिला. त्या पंचाहत्तरीच्या, त्यांच्याकडे मेल नव्हता. महत्त्वाच्या गोष्टी त्या किचनमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, बिस्किटांच्या डब्यामागे ठेवत आणि आजवर कुणी चोरल्या नव्हत्या. चोराची हकीगत ऐकल्यावर त्यांनी विचारलं, तुझे वडील कसे आहेत? त्यांचा भाऊ लीट्रिमला शेतावर एकटा असतो, त्याला त्या रोज संध्याकाळी फोन करतात. काय बोलता, असं नरेंद्रने सभ्यपणे विचारलं. काही नाही, त्या म्हणाल्या, त्याच्याकडे पाऊस पडत असतो आणि माझ्याकडेही. नरेंद्र म्हणाला, माझे वडील ग्रँड आहेत, आणि विषय पुन्हा चोराकडे आणला.

आता खरं म्हणजे प्रकरण इथे संपायला हवं होतं. दार बंद होतं, कुलूप पक्कं होतं, बाहेर कुणी कडी वाजवत असेल तर वाजवू द्यावी. पण आपल्याला रोज कुणीतरी लुटायला येतं आणि त्याची दखल सरकारी पातळीवर कुणी घेत नाही, हे मध्यमवर्गीय मनाला सहन होत नाही. संजीव म्हणाला, गुन्हा भारतातून होतोय ना, मग तक्रार भारतात कर. तिकडे पोर्टल आहे. आणि माझा मावसभाऊ पोलीस खात्यात वरच्या जागेवर आहे, मी शब्द टाकतो.

भारतात रोज कितीतरी तक्रारी होतात आणि स्वतःच्या मरणाने मरतात. ही एक फार मोठी सामाजिक सोय आहे. आपल्यासारखी माणसं मध्ये ओळख लावतात आणि ती सोय मोडून टाकतात.

पोर्टलला तक्रारदाराचा भारतीय मोबाइल नंबर हवा होता. आयरिश नंबर घालायला जागाच नव्हती. नरेंद्रने थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं, मग पाठ असलेला एकमेव भारतीय नंबर टाकला आणि फोन उचलला.

अप्पांचा आवाज एकदम उजळला. त्याने काही म्हणायच्या आत ते म्हणाले, “आलाय. आत्ताच आला. थांब, चष्मा लावतो.”

“सांगा, अप्पा.”

“तिकडे ऊन पडलं का रे?”

“अप्पा, आधी आकडा.”

अप्पांनी आकडा सांगितला. नरेंद्रने परत म्हटला. “बरोबर,” अप्पा म्हणाले. “कशाचा आहे हा? सगळं तिकडे नेलंस ना?”

“एक तक्रार आहे. कुणीतरी चोर माझ्या मेलमागे लागलाय. रोज दार ठोठावतो.”

अप्पांना हे फार लागलं. “रोज? काय माणसं असतात. असल्याला सोडू नकोस. वरपर्यंत जा.”

नरेंद्र म्हणाला, जाणारच आहे, आणि गाडी दाराशी आली म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढचे काही दिवस चोर नेमाने आला. मग एका दुपारी नरेंद्रचं सूप शांतपणे संपलं. दुसऱ्या दिवशीही फोन थरथरला नाही. आठवडा गेला तरी चोराचा पत्ता नव्हता. संजीवने मावसभावाला विचारलं, तर उत्तर आलं, वरून फोन केला होता, स्थानिक ठाण्याने निकालात काढलंय, माणसाने कबूल केलं. संजीवने गाडीतच दोन्ही हात वर केले, जे मोटरवेवर करू नये.

बातमी मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेली. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसून चोराला कबूल करायला लावणारा हा पहिलाच सभासद होता. मंडळाच्या सेक्रेटरी स्वप्नाली यांनी लगेच चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये त्याचं भाषण ठेवलं, ‘आपली माहिती, आपली कडी’. त्यानंतर बटाटेवडे. नरेंद्रने बारीक अक्षरांतल्या स्लाइड केल्या. ज्याच्या शब्दाला घरात कुणी विचारत नाही अशा माणसाला माइक मिळाला की तो लवकर सोडत नाही, आणि नरेंद्रनेही सोडला नाही. खाजगी माहिती म्हणजे काय, कुकीज स्वीकारताना ब्राह्मणाने दक्षिणा नाकारावी तसं एकदा तरी नाही म्हणा, सवलतकार्ड म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात परक्याला दिलेला पाट. लोक हसले. शेवटच्या स्लाइडवर एक काळा बुरखाधारी माणूस होता, आणि नरेंद्रने त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं, की असा माणूस भावनेवर जगत नाही, तो आपल्या गाफीलपणावर जगतो. टाळ्या पडल्या. साक्षी मागच्या रांगेत होती, तिने फोनमधून मान वर काढली, एवढं यश नरेंद्रला पुरेसं होतं.

वडे आले तेव्हा त्याच्या फोनवर मिरजेचा अनोळखी नंबर वाजला. त्याने नुकतंच सांगितलं होतं की अनोळखी नंबर उचलू नये, पण लोक वड्यांत गुंतले होते. तो बाहेर पोर्चमध्ये आला. बाहेर नेहमीचा बारीक पाऊस होता.

“नरेंद्र का? मी पद्मिनीकाकू. बोलावं की नाही असं करत इतके दिवस गेले,” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं.

ओटीपी यायचे बंद झाल्यावर अप्पांना करमेना. मग ते रोज संध्याकाळचा चहा झाला की पद्मिनीबाईंच्या ओट्यावर येऊन बसत आणि मोबाइलवर नरेंद्रच्या मेलचं पान उघडत. तो पत्ता त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालेला होता. खाली ‘पासवर्ड विसरलात का’ असं असतं, ते दाबत आणि फोन हातात धरून आकडा येतो का बघत. काय करताय, असं पद्मिनीबाईंनी विचारलं तर म्हणत, लाइन तपासतोय. एक्स्चेंजमध्ये रोज सगळ्या ट्रंक लाइन वाजवून बघायचो, कुठली चालू, कुठली बंद. नरूची एखादी लाइन राहिली असेल अजून माझ्याकडे. आकडा आला की लगेच फोन करता येईल त्याला. आकडा यायचा नाही. मग ते म्हणत, उद्या बघू.

“आणि मग ठाण्यातून फोन आला,” पद्मिनीबाई म्हणाल्या. “थांब, ते इथेच बसलेत. देते. त्यांचा फोन नाही आता.”

नरेंद्रने हॉलचं दार मागे लोटून घेतलं. त्याने पोर्चच्या खांबाला हात टेकला. पलीकडे फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला.

“बोल,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, मला माहीत नव्हतं. मुंबई दाखवत होतं, मोबाइल कंपनीचं गाव. मला कसं कळणार?”

“तुला कसं कळणार,” अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर नरेंद्रला बरं वाटलं असतं. “पोलिसांचं काही चुकलं नाही. खुर्ची दिली, चहा दिला. वरून फोन होता म्हणून लेखी घ्यावं लागलं त्यांना. मी म्हटलं, हे मी करतो. ते म्हणाले, तक्रारदार आपले कोण? म्हटलं, मुलगा. म्हणाले, तसं काही आहे का कागदावर.”

“तुम्ही मला का नाही फोन केलात?”

“कागद काढले मी सगळे. आधार आहे, पेन्शनचं पुस्तक आहे. पेन्शनला वारस म्हणून नाव तुझ्या आईचं. रेशनकार्डावरून तुझं नाव तू परदेशी गेलास तेव्हा कमी केलं, नियम होता तसा, मीच गेलो होतो कमी करायला.” अप्पा म्हणाले. “तुझ्या सगळ्या कागदांवर माझं नाव आहे, नरू. मधे छापलेलं असतं. माझ्या एकाही कागदावर तुझं नाव नाही. इतकी वर्षं लक्षातच आलं नव्हतं. तो पोरगा चांगला होता, म्हणाला, आजोबा, राहू द्या, मी तोंडी धरतो.”

हॉलमधून हसण्याचा आवाज येत होता. स्वप्नाली दारातून डोकावून, प्रश्नोत्तरांसाठी लोक थांबलेत, अशी खूण करून गेली. नरेंद्रने मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते त्यालाही कळलं नाही.

“मी तक्रार मागे घेतो. आत्ता घेतो.”

“त्याला आकडा येईल म्हणाले, माझ्या फोनवर. तो नंबरच मी बंद करून टाकला. गुन्ह्यात लागलेला नंबर, उद्या तुलाच त्रास व्हायचा. सिम परत करून आलो.”

“मी येतो, अप्पा. पुढच्या आठवड्यात रजा टाकतो. नवा फोन घेऊ, नवा नंबर घेऊ.” बोलता बोलता आपण रडतोय हे नरेंद्रला कळलं, आणि ते पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून त्याने फोन तोंडापासून लांब धरला. त्यामुळे पुढचं वाक्य त्याला पुन्हा विचारावं लागलं.

“म्हटलं, नंबर कशाला?” अप्पांनी परत सांगितलं. “त्या फोनवर तुझ्याशिवाय कोणी करत नव्हतं. म्हणून तर पोलिसांचा आला तेव्हा मला वाटलं तूच आहेस. वाजला तसा उचलला मी, आणि हॅलोच्या आधी विचारलं, जेवलास का.”

अप्पांनी थोडी वाट पाहिली. मग म्हणाले, पद्मिनीबाईंच्या लेकीचा फोन यायची वेळ झाली आहे, त्यांची लाइन अडवून ठेवणं बरं नाही, आणि फोन त्यांच्याकडे परत दिला.